टांगती कुंडी विकायची असेल, तर आधी हूक बसवायला शिका



नर्सरीवाला कुंडी विकतो. हार्डवेअरवाला हूक विकतो. मधलं काम राहतं ते कोणाचं? गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन, भिंत बघून, हूक पक्का बसवून, त्यावर कुंडी टांगून देणं, हे काम मारेगावसारख्या तालुक्याच्या गावात कोणाकडे ठरवून नसतं. मग ताई घरी कुंडी नेतात, दादा घरातलाच एखादा खिळा ठोकतात, पंधरा दिवस ती छान दिसते आणि एक दिवस खाली येते. कुंडी फुटली तर नुकसान थोडं. पण तिच्याखाली लेकरू खेळत असेल तर?

आणि बघा, कुंडी पडली की लोक खिळ्याला दोष देत नाहीत. "अमक्याकडून आणली होती" एवढंच सांगतात. लहान गावात हे वाक्य फिरायला वेळ लागत नाही.

म्हणून रोपं, कुंड्या किंवा बागेचं सामान विकायचा विचार असेल, तर हूक बसवणं हे धंद्याचं मुख्य अंग समजा. या लेखात तेच शिकू: वजन कसं काढायचं, आधार कसा ओळखायचा, हूक कसा बसवायचा आणि त्याचे पैसे कसे लावायचे.

१. वजन मोजा, पण पाणी दिल्यावर

दुकानात कुंडी हातात घेतली की हलकी वाटते. ती कोरडी असते. हुकाला मात्र ओली कुंडी झेलावी लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे गणित डोक्यात पक्कं ठेवा.

आठ इंची टांगती कुंडी घ्या. तिच्यात साधारण साडेतीन लिटर माल बसतो. वावरातली माती भरली आणि पोटभर पाणी दिलं, की वजन सहा किलोच्या आसपास जातं. तीच कुंडी कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती अशा मिश्रणाने भरली, तर ओल्यात चार किलोच्या आसपास राहते. म्हणजे हुकावरचा भार एक तृतीयांश कमी झाला, तोही खर्च फारसा न वाढवता.

आपल्याकडची काळी माती टांगत्या कुंडीत तर नकोच. ती ओली झाली की जड होते. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मग दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली गळतं. रोप तहानलेलंच राहतं.

माझा नियम असा आहे: ओल्या वजनाच्या तिप्पट भार हुकाने झेलला पाहिजे. सहा किलोची कुंडी असेल तर अठरा किलो. एवढं जास्त कशाला? कारण मेच्या वादळात कुंडी झोके घेते. पाणी देताना कोणी तरी ती खाली ओढतं. पोरं लोंबकळतात. आणि आपल्या भागात वानरांची टोळी घरावर आली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. एका मोठ्या वानराचंच वजन दहा किलोच्या वर असतं.

२. कशाला टांगणार? आधार ओळखा

गिऱ्हाईक म्हणतं, "इथे लावा, इथे छान दिसते." तुम्ही आधी बोटाने वाजवून बघा. घराघरात आधार वेगळा असतो.

सिमेंटचा स्लॅब: सगळ्यात भरवशाचा. यात प्लास्टिकचा प्लग वापरू नका. वर टांगलेलं वजन प्लगला सरळ खाली ओढतं आणि तो हळूहळू सुटतो. लोखंडी अँकर फास्टनरचा हूक घ्या. तो आवळला की आतून फुगतो आणि काँक्रीटला धरतो. भोक पाडताना सळई लागली तर जोर करू नका, दोन इंच बाजूला सरका.

पक्क्या विटेची भिंत: इथे ब्रॅकेट चांगलं बसतं. लक्षात ठेवा, प्लास्टर म्हणजे भिंत नाही. बाहेरचं प्लास्टर साधारण १५ ते २० मिलिमीटर जाड असतं. प्लग त्याच्याही पलीकडे विटेत गेला पाहिजे. एक इंची प्लग लावला तर त्याचा बहुतेक भाग प्लास्टरमध्येच राहतो, आणि कुंडी पडते तेव्हा प्लास्टरचा पापुद्रा घेऊनच पडते.

पोकळ किंवा हलके ब्लॉक: वाजवल्यावर आवाज पोकळ येतो, ड्रिल लोण्यासारखं आत जातं. इथे साधा प्लग फिरत राहतो. अशा ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात. ते नसतील तर त्या भिंतीवर जड कुंडी घेऊ नका. कॉलम किंवा बीम शोधा.

मातीची भिंत आणि कवेलूचं घर: भिंतीला हात लावू नका. वरचा लाकडी फाटा किंवा बल्ली बघा. लाकूड टणक आहे का, वाळवी लागली आहे का, ते स्क्रू-ड्रायव्हर टोचून तपासा. चांगलं असेल तर भोक न पाडता भोवतीने जाड तार किंवा पट्टा गुंडाळा आणि त्याला हूक लावा.

टिनाचं शेड: पत्र्याला कधीच टांगायचं नाही. पत्रा फाटतो, आणि त्या भोकातून पावसाळाभर पाणी गळतं ते वेगळं. खालचा लोखंडी पाईप किंवा अँगल असतो, त्याला क्लॅम्प लावा. पाईपला भोक पाडू नका, तिथूनच गंज सुरू होतो.

झाड: अंगणातल्या कडुनिंबाला खिळा ठोकू नका. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा फांदीवर ठेवा, त्यावरून दोरी घ्या. वर्षातून एकदा ती सैल करा, नाही तर फांदी जाड झाली की दोरी सालीत रुतते.

३. उघड्या बागेत खांब: काळ्या मातीची गंमत

भिंतच नसेल तर खांब रोवावा लागतो. इथे बाहेरगावचे व्हिडिओ बघून काम केलं तर फसायला होतं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. नुसता खड्डा करून खांब रोवला, तर जूनमध्ये सरळ उभा असलेला खांब पुढच्या मेपर्यंत तिरपा होतो.

उपाय सोपा आहे, फक्त मेहनत लागते. सब्बलने एक फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा करा. मुरूम लागला तर उत्तम. निघालेली काळी माती पुन्हा खड्ड्यात टाकू नका. तळाला चार इंच गिट्टी टाकून दाबा. दोन इंची जीआय पाईप उभा धरा, ओळंबा लावा आणि एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी असं काँक्रीट भरा. वरचं तोंड जमिनीपेक्षा थोडं उंच आणि उतरतं ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. सात दिवस पाणी मारा. त्याआधी एकही कुंडी टांगायची नाही.

खांबाला दोन्ही बाजूंना हात द्या आणि दोन्हीकडे सारखं वजन टांगा. एकाच बाजूला भार दिला की खांब तिकडे झुकायला बघतो.

गिऱ्हाईक भाड्याच्या घरात असेल तर? मोठ्या सिमेंटच्या कुंडीत हाच पाईप काँक्रीटने उभा करून द्या. घर बदललं की स्टँड सोबत जातो. घरमालकाची कटकट नाही.

४. ब्रॅकेटचं एक छोटं गणित

हे गणित शिकलात तर निम्मे अपघात टळतील. भिंतीच्या ब्रॅकेटवर कुंडी टांगली की वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. किती? कुंडीचं वजन गुणिले भिंतीपासूनचं अंतर, भागिले वरच्या स्क्रूपासून ब्रॅकेटच्या खालच्या टोकापर्यंतची उंची.

कुंडी ६ किलोची, भिंतीपासून ३० सेंटिमीटर लांब, ब्रॅकेटची ही उंची १५ सेंटिमीटर. ६ गुणिले ३०, भागिले १५, म्हणजे १२ किलोची ओढ. उंची १० सेंटिमीटरच असेल तर तीच ओढ १८ किलो होते. कुंडी तीच, भिंत तीच, ब्रॅकेट बदललं आणि भार दीडपट झाला.

आठ इंची कुंडीला भिंतीपासून १५ सेंटिमीटर अंतर पुरतं. तिला लांब नक्षीदार ब्रॅकेट लावायचं कारण नाही. खरेदीला गेलात की नक्षीच्या आधी दोन गोष्टी बघा: पट्टी किती उंच आहे आणि हात किती लांब आहे.

५. हूक बसवायची पद्धत

१) आधी वायर कुठून गेली ते बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ रेषेत बाजूला भोक पाडायचं नाही, वायरचा पाईप बहुतेक तिथूनच जातो. शंका असेल तर मेन स्विच बंद करून दुसऱ्या लाइनवरून ड्रिल चालवा किंवा बॅटरीचं ड्रिल वापरा.

२) डोळ्यांना चष्मा लावा. वर बघून स्लॅबला भोक पाडताना सगळी धूळ तोंडावर येते. शिडी धरायला माणूस हवाच.

३) प्लग ८ मिलिमीटरचा असेल तर बिटही ८ चाच. प्लगला हार्डवेअरवाले गिट्टी म्हणतात, तसं मागितलं तरी मिळेल. भोक प्लगपेक्षा थोडं खोल पाडा. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खूण केली की अंदाज चुकत नाही.

४) भोकातली धूळ काढा. ही पायरी सगळे गाळतात. धुळीत प्लग पकडत नाही. सायकलच्या पंपाने दोन-तीन झोत मारले की काम झालं.

५) प्लग हातोडीने हळू ठोका. सैल जात असेल तर त्यात काडी कोंबून वेळ मारून नेऊ नका. एक माप मोठा प्लग लावा किंवा जागा बदला.

६) आता परीक्षा. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या, पाणी भरून हुकाला अडकवा. म्हणजे वीस किलो झाले. अर्धा तास ठेवा. खाली कोणी उभं राहू नका. हूक हलला नाही, प्लास्टरला तडा गेला नाही, तरच कुंडी चढवा.

ही परीक्षा गिऱ्हाईकाच्या समोर करा. काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी वीस किलो पाणी लटकलेलं बघितलं की तुम्हाला वेगळी जाहिरात करावी लागत नाही. त्या शेजारणीला स्वतः सांगतात.

६. साखळी, तार आणि दोरी

आपल्या आज्यांनी हे काम कधीच सोडवलं होतं. शिंकाळं आठवा. दूध-लोणी मांजरापासून वाचवायला आढ्याला टांगलेलं. दोऱ्या सारख्या लांबीच्या, वर एकच गाठ, भार सगळीकडे सारखा वाटलेला. टांगती कुंडी म्हणजे तेच शिंकाळं. एक साखळी आखूड झाली की कुंडी तिरपी होते, पाणी एका बाजूने वाहतं आणि भार उरलेल्या दोन साखळ्यांवर पडतो.

प्लास्टिकचे हँगर सावलीत चालतात. विदर्भाच्या उन्हात ते कडक होतात आणि एके दिवशी कट्‌कन तुटतात. उन्हातल्या जागेला जीआयची साखळी किंवा तार द्या. तार घेताना एक उलटं गणित ध्यानात ठेवा: गेजचा आकडा जितका मोठा, तार तितकी बारीक. १० गेज साधारण सव्वातीन मिलिमीटर, १४ गेज दोन मिलिमीटर. सुती दोरीची विणलेली हँगर दिसायला सुंदर असतात, पण ती पाण्याने कुजतात. ती घरातल्या हलक्या कुंडीला ठेवा.

एस आकाराचा हूक वापरला तर वरचं तोंड पक्कडीने दाबून बंद करा. उघड्या हुकातून कुंडी वाऱ्याने उचलून बाहेर पडते.

७. उंची आणि ऊन

जिथून माणसं जातात तिथे कुंडीचा तळ साडेसहा-सात फुटांवर ठेवा. कोपऱ्यात, जिथे कोणी चालत नाही, तिथे डोळ्यांच्या उंचीवर टांगा, म्हणजे पाणी घालणं सोपं जातं. गिऱ्हाईकाला पाणी घालायला स्टूल लागत असेल, तर महिनाभरात ते पाणी घालणं बंद करतं. मग रोप वाळतं आणि नाव पुन्हा तुमचंच.

पाणी कुठे ठिबकतं तेही बघा. खाली स्विचबोर्ड, उभी गाडी किंवा शेजाऱ्याची भिंत नको.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टांगत्या कुंडीला चारही बाजूंनी वारा लागतो, त्यामुळे ती जमिनीवरच्या कुंडीपेक्षा लवकर वाळते. पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिल-मेमध्ये काही टांगायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा, किंवा ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावून घ्या. उन्हाच्या जागेला चिनी गुलाब, सावलीच्या छपरीला मनीप्लांट आणि स्पायडर प्लांट. पिटुनिया फक्त हिवाळ्यात. राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांतून देशभर रोपं जातात. किनाऱ्याकडच्या दमट हवेत वाढलेलं रोप आणलं तर ते लगेच उन्हात टांगू नका. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून आपल्या हवेची सवय होऊ द्या.

८. आता पैशाचं बोलू

"कुंडी घेतली ना, मग हूक फुकट लावून द्या." हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. हो म्हणण्याआधी हिशोब करा. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजाराचे भाव टाका.

समजा एका घरी सहा ब्रॅकेट लावायचे. ब्रॅकेटची खरेदी ८० रुपयांप्रमाणे ४८० रुपये. प्लग-स्क्रू ६०. पेट्रोल ६०. बिट आणि ड्रिलची झीज ४०. मदतनिसाचा अर्धा दिवस २५०. एकूण खर्च ८९० रुपये.

ब्रॅकेट १२० रुपयांना विकलं तर ७२० येतात. फिटिंग फुकट दिलं तर १७० रुपये तुमच्या खिशातून गेले, आणि तुमचा स्वतःचा अर्धा दिवस शून्य भावात गेला. फिटिंगचे प्रत्येकी १०० लावले तर एकूण १३२० येतात, खर्च जाऊन ४३० उरतात. ती तुमची मजुरी. कुंडी आणि रोपाचा नफा याच्याबाहेर.

म्हणून बिलावर तीन ओळी वेगळ्या लिहा: कुंडी, हूक, फिटिंग. गिऱ्हाईकाला घासाघीस करायचीच असेल तर कुंडीच्या भावात थोडं सोडा. फिटिंगच्या ओळीला हात लावू नका. ती ओळ गेली की तुम्ही प्लग स्वस्तातला घ्यायला लागता, धूळ काढायची पायरी गाळता, बादलीची परीक्षा टाळता. स्वस्त काम असंच सुरू होतं.

बिलावर आणखी एक वाक्य लिहा: "या हुकावर ६ किलोपेक्षा जास्त वजन टांगू नये." कुंडी लावल्यावर फोटो काढून ठेवा, तारीख वहीत लिहा. पहिल्या पावसाळ्यानंतर एक फेरी मारा. काळ्या मातीवरच्या घरांना पावसाळ्यानंतर भेगा पडतात, हुकाजवळ भेग दिसली तर जागा बदलून द्या. त्या फेरीत खत, नवीन रोप किंवा आणखी दोन कुंड्यांची ऑर्डर मिळायची शक्यता असते. शाळा, दवाखाना, बँक, मंगल कार्यालय अशा ठिकाणी तर वर्षाची देखभाल ठरवून घ्या.

भांडवलाचं म्हणाल तर ड्रिल, बिट, शिडी, पक्कड, ओळंबा एवढ्यावर सुरुवात होते. त्यासाठी कर्ज काढू नका. पुढे रोपांचं शेड किंवा माल वाढवायचा असेल तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज असतं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. जीएसटीचं एक लक्षात ठेवा: फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण मालासोबत फिटिंगसारखी सेवा देत असाल तर ती मर्यादा २० लाख आहे. उलाढाल तिथे पोचायच्या आधीच सीएशी बोलून घ्या.

या आठवड्याचं काम

गिऱ्हाईक शोधायला अजून निघू नका. आधी तीन गोष्टी करा. एक, घरच्या काट्यावर आठ इंची कुंडी कोरडी मोजा, मग पाणी देऊन मोजा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. दोन, स्वतःच्या घरी तीन हूक लावा: एक स्लॅबला, एक विटेच्या भिंतीला, एक शेडच्या पाईपला. तीन, तिन्हींवर पाण्याची बादली टांगून परीक्षा घ्या आणि मग कुंड्या महिनाभर तशाच राहू द्या.

महिन्यानंतर तिन्ही हूक जागचे हलले नसतील, तर चौथा हूक पैसे घेऊन लावा.